न मोडलेली खुंटी

उन्हाळा सरत आला होता, पण काही केल्या सरत नव्हता. पो नदीचं ते अफाट खोरं पिवळं होऊन पडलं होतं. गवत पिवळं, धूळ पिवळी, ऊन पिवळं. उत्तरेला तेवढी आल्प्सची रांग, पिंजलेल्या कापसासारखी पांढरीशुभ्र, हिमभारानं जडावलेली. बघावं तर डोळ्यांना गारवा, चालावं तर तळपायांना चटका. आणि नदीच्या काठानं पॉपलरची झाडं, उंच, सडपातळ, चंचलपर्ण. वारा पडला तरी त्यांची पानं थरथरतच राहतात. का थरथरतात, ते झाडांनाच ठाऊक.

त्या पिवळ्या उन्हातून रोमची फौज चालली होती. आल्प्स ओलांडून उत्तरेकडनं परकी टोळी उतरली होती, तिला अडवायला.

दोन हजार वर्षं होऊन गेली त्याला, वर थोडी आणखी. पण धूळ तीच हो. धूळ काय म्हातारी होत नाही.

धूळमाखली, घामभिजली, लोहभारानं वाकलेली फौज. प्रत्येकाच्या खांद्यावर एक दांडा, दांड्याला गाठोडं, गाठोड्यात गहू, भांडं, कुदळ, फावडं, कुंपणाचे खुंट. पाठीवर ढाल, हातात भाला, कमरेला तलवार. लोक त्यांना खेचरं म्हणायचे. तेही स्वतःला हसत हसत खेचरंच म्हणायचे. हसल्यानं ओझं कमी होत नाही, पण हसताना माणूस ओझ्याकडं बघत नाही, तेवढंच.

वहाणांच्या तळाला लोखंडी खिळे. दगडावरनं गेली फौज की खणखण, मातीतनं गेली की धपधप. खणखण, धपधप, खणखण, धपधप. दिवसभर पृथ्वीच्या छातीवर एकच ठेका. आणि दुपार कलली की मुक्काम. मुक्काम म्हणजे पथारी नव्हे बरं. आधी खंदक खणायचा, मग मातीचा बांध घालायचा, बांधावर खुंट रोवायचे, मग राहुट्या. रोज नवं गाव वसवायचं आणि रोज सकाळी मोडायचं. माणसाच्या जन्माला असं गाव-मोडणं एकदोनदा येतं. ह्यांना रोज.

एका राहुटीत आठ जण. आठांत एक खेचर, एक जातं, एक भांडं. गहू आपला आपण दळायचा. संध्याकाळच्या लालसर उजेडात सगळ्या तळावर जाती फिरू लागली की असा घरघराट उठायचा, की डोळे मिटले तर वाटावं, आपण आईच्या उंबऱ्यात बसलोय. म्हणून कुणी डोळे मिटायचं नाही. तसा कायदा नव्हता, पण कुणी मिटायचं नाही.

ह्याच आठांत दोघं होते, पाकियस आणि नुमेरियस. पाकियसच्या धाकट्या बहिणीचा, विबियाचा, नवरा म्हणजे नुमेरियस. तेव्हा पाकियस त्याला दाजी म्हणायचा, आणि नुमेरियस ह्याला मेव्हणे. दोघंही एकमेकांना अहो-जाहो करायचे. सगळ्या फौजेला त्याची गंमत.

"काय हो पाव्हणं," राहुटीतला हेरियस म्हणायचा. नाकाला बाक, जिभेला धार असा माणूस. "खंदक खणताना तरी मानपान सोडा. आधी फावडं तुम्ही मारा, नाही तुम्ही मारा, असं करत बसलात तर शत्रू आत येऊन जेवून जाईल."

"जेवू दे की," नुमेरियस म्हणायचा. "तू केलेली लापशी खाल्ली की आपोआप मरतोय तो."

हा नुमेरियस हसरा गडी. रुंद तोंडाचा, गहूवर्णी, दोन दातांत फट. हसला की फटीतनं शीळ निघायची.

आणि पाकियस सुताराचा. बाप सुतार, आजा सुतार. डोंगरातल्या त्या गावात एकूण एक दार, एकूण एक नांगर, एकूण एक गाडी ह्यांच्या हातची. त्या घरात पोराला चालायच्या आधी सांधा शिकवायचे. दोन लाकडं अशी जोडायची, की झाड विसरून जावं आपण दोन होतो. पाकियस बोलायचा कमी. हात चालले की तो बोलला, असं समजायचं.

गाव सोडलं त्या सकाळची गोष्ट. डोंगरात धुकं उतरलं होतं, दुधाळ, ओलं, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांनी भरलेलं. विबिया वेशीपर्यंत आली. नवऱ्याशी काही बोलली नाही. नवऱ्याशी जे बोलायचं ते रात्रीच बोलून झालं असेल. ती भावापाशी आली, त्याच्या गाठोड्याची गाठ विनाकारण सोडून पुन्हा बांधली, आणि म्हणाली,

"दादा, तू येशील ते मला ठाऊक आहे. ह्यांचं मला ठाऊक नाही. ह्यांना घेऊनच ये."

बस. एवढंच. पाकियसनं मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

*

विबियाला असं का वाटलं, तेही सांगतो. नुमेरियस डावखुरा होता.

आता डावखुरा म्हणजे काय मोठं, तुम्ही म्हणाल. शेतात चालतो, बैलांमागं चालतो, बायकोला चालतो. पण रोमच्या रांगेत चालत नाही. तिथं ढाल म्हणजे डाव्या हातात, तलवार म्हणजे उजव्या हातात, पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत. खांद्याला खांदा, ढालीला ढाल. ती भिंत असते. चालती, श्वास घेणारी, लाकूड-कातड्याची भिंत. भिंतीत एक वीट उलटी बसली की तिथनं वारा शिरतो, आणि वाऱ्यामागनं मरण.

म्हणून त्याचा डावा हात मोडून काढला. हाड नाही मोडलं, खोड मोडली. जमिनीत खांब रोवलेला, हातात लाकडी तलवार, खऱ्या तलवारीच्या दुप्पट जड. खांबाला मारायचं. मारायचं म्हणजे फिरवून नाही, भोसकायचं. "पात्याच्या धारेनं जखम होते, टोकानं मढं होतं," नायक ओरडायचा. शंभरांवरचा नायक तो, घोगऱ्या आवाजाचा, मानेवर जुना व्रण असलेला. नुमेरियसची तलवार चुकून डाव्या हातात गेली की नायकाची काठी मनगटावर. सटकन्. पुन्हा गेली की पुन्हा सटकन्.

शिकला तो. पण कसा? उजव्या हातातली तलवार त्याच्याकडं कायम शेजाऱ्याची उसनी आणल्यागत दिसायची. खांबाला लागायची, पण लाजत लागायची.

"डावऱ्या," हेरियस म्हणायचा, "तू शत्रूला भोसकतोस की गुदगुल्या करतोस?"

"हसून मेला तरी मेलाच ना," नुमेरियस म्हणायचा. सगळे हसायचे.

पाकियस हसायचा नाही. तो त्या उजव्या हाताकडं बघत राहायचा. त्या दुबळ्या, अडखळणाऱ्या, परक्या हाताकडं. आणि त्याला धुकं दिसायचं, वेस दिसायची, बहिणीची बोटं गाठ बांधताना दिसायची.

रांगेत तो नेहमी दाजींच्या डाव्या अंगाला उभा राहायचा. सांभाळायला.

*

मग वरनं हुकूम आला. भाल्याचा.

रोमचा फेकायचा भाला अर्धा लाकडाचा, अर्धा लोखंडाचा. लाकडी दांडा जाड, पुढचं लोखंड लांब नि बारीक, टोकाला छोटं तिखट पातं. दोन्ही जिथं जुळतात तिथं आरपार दोन लोखंडी खिळे. शत्रू टप्प्यात आला की नायक आरोळी देणार, आणि अख्खी रांग एकदम भाले फेकणार. आकाश काळं होणार. भाला ढालीत घुसणार, ढाल भेदून माणसात घुसणार.

पण नुसता ढालीतच अडकला, तर? तर शत्रू तो उपसायचा आणि उलटा ह्यांच्यावरच फेकायचा. आपला भाला, आपल्याच छातीत.

तेव्हा सेनापतीनं युक्ती काढली. दोन खिळ्यांतला एक काढा. त्याच्या जागी लाकडाची बारीक खुंटी बसवा, कच्च्या लाकडाची. भाला आपटला की खुंटी मोडणार, दांडा सांध्यातनं लटकून पडणार. शत्रूला तो परत फेकता येणार नाही, ढालीतनं झटकन निघणारही नाही. लोंबकळत्या ओझ्यानं ढाल खाली येणार, मग तो ढाल टाकणार, मग तलवारी.

साधी युक्ती. चांगली युक्ती. पण सुताराच्या पोराला ती पटेना.

सुताराचा म्हणून शंभर जणांच्या खुंट्या करायचं काम नायकानं त्यालाच दिलं. नदीकाठच्या पॉपलरच्या फांद्या, मऊ, पांढऱ्या, निर्जीव. खंदक खणून झाल्यावर, सोनेरी तिरक्या उन्हात, बांधाला पाठ टेकून तो खुंट्या तासत बसायचा.

"मोडायसाठी सांधा करायचा," तो पुटपुटायचा. "मोडायसाठी. माझ्या बापानं हात तोडला असता."

"तुझा बाप दारं करायचा, गड्या," हेरियस म्हणायचा. "दार मोडलं की घरात चोर येतो. भाला मोडला की चोर घरी जातो. काम बदललं, लाकूडही बदल."

"लाकडाला लाज वाटते."

"लाकडाला?" हेरियसनं कपाळाला हात लावला. "ऐका रे. पाव्हण्याच्या लाकडाला लाज वाटते."

सगळे हसले. पाकियस तासत राहिला. पांढरे तुकडे, पांढरी सालपटं, पांढरी धूळ त्याच्या मांडीवर. बाकी सगळ्यांच्या खुंट्या झाल्या, कच्च्या, ठिसूळ, आज्ञाधारक.

एक राहिली. दाजींची.

इथं मात्र त्याचा हात थांबला. आणि हाताबरोबर हुकूमही थांबला.

त्याच्या गाठोड्यात बापाची पटाशी होती. तिची मूठ ऑलिव्हच्या लाकडाची, आजाच्या हातनं बापाच्या हाती, बापाच्या हातनं ह्याच्या हाती आलेली. तीन पिढ्यांचा घाम प्यालेली, तेल प्यालेली, काळपट, मधागत चमकणारी मूठ. पाकियसनं मूठ पात्यातनं सोडवली. एकदा गालाला लावली. आणि उभी चिरली.

त्या लाकडातनं त्यानं खुंटी घडवली. करंगळीएवढी. तेलात भिजवली, उन्हात सुकवली, पुन्हा भिजवली. भाल्याच्या छिद्रात बसवली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. लोखंड नि लाकूड एक झालं. झाड विसरलं, खाण विसरली.

दुसऱ्या दिवशी नदीवर पाणी भरताना त्यानं दाजींना बाजूला घेतलं.

"दाजी, हा तुमचा भाला. हा मोडायचा नाही."

"मग हुकूम?"

"हुकूम माझ्यावर सोडा. आरोळी झाली की सगळे फेकतील. तुम्ही नुसता हात हलवा. भाला सोडायचा नाही. हातातच ठेवायचा, आणि ढालीआडनं लांबूनच भोसकायचं. तलवारीपर्यंत गोष्ट येऊच द्यायची नाही."

नुमेरियसनं भाला उजव्या हातात तोलला. मग सवयीनं डाव्यात घेतला, आणि दचकून परत उजव्यात.

"नायकानं बघितलं तर?"

"धुळीत कोण बघतंय."

"मेव्हणे," नुमेरियस हसला, फटीतनं शीळ निघाली, "तुम्ही मला लईच लेचापेचा धरून चाललाय."

"मी नाही. तुमची बायको."

"तिचं बरोबर आहे," नुमेरियस म्हणाला. आणि पाण्यात पाय सोडून बराच वेळ हसत बसला. नदीचं पाणी त्याच्या पायांभोवती फेसाळत, चकाकत, काहीही न ठेवता वाहत राहिलं.

पाकियसनं सगळं बघितलं होतं. उजवा हात बघितला, तलवार बघितली, बहीण बघितली. एकच गोष्ट बघायची राहून गेली. दाजींचा डावा हात.

ढाल पेलणारा हात तो. जन्मजात बळाचा. इतरांच्या डाव्या मनगटांना दुपारपर्यंत कापरं भरायचं. ती छातीएवढ्या उंचीची, कमान-पाठीची, जडशीळ ढाल खाली खाली यायची. ह्याची तसूभर हलायची नाही. फौजेनं त्याच्या चांगल्या हातातली तलवार काढून घेतली आणि नकळत त्याच हातात भिंत दिली. आणि त्या भिंतीची कड रोज, प्रत्येक कवायतीत, डाव्या अंगाच्या माणसावर थोडी सरकलेली असायची.

डाव्या अंगाला पाकियस उभा असायचा. सांभाळायला.

*

मग ती सकाळ आली.

नदीवरनं धुकं उठलं, धुक्यातनं सूर्य उठला, तांबडा, ओला, नुकत्या जन्मलेल्या वासरागत. मग धुकं गेलं आणि धूळ आली. उत्तरेकडनं ती माणसं आली. उंच, लांब केसांची, गोरीपान, गाड्या-बायका-पोरांसकट निघालेली अख्खी जमात. घर शोधत आलेली. त्यांनाही कुणी वेशीपर्यंत सोडायला आलं असेल. आवाज घुमावा म्हणून ढालीच्या आत तोंड घालून ती ओरडत होती, आणि तो आवाज माणसांचा वाटत नव्हता. दरीतनं पूर यावा तसा वाटत होता.

रोमची रांग गप्प. गप्प उभं राहायलाच शिकवलेलं असतं तिला. ढालीला ढाल. खांद्याला खांदा. कुणाच्या तरी ओठांत आईचं नाव, कुणाच्या देवाचं. हेरियस पाकियसच्या डाव्या बाजूला होता.

"पाव्हणं," तो पुढं बघतच म्हणाला, "आज जेवायला उशीर होणार."

कोणी हसलं नाही. तोही नाही.

पूर जवळ आला. धुळीतनं डोळे दिसू लागले. आणि नायकाची आरोळी उठली.

हात उठले. शेकडो हात एकदम मागं गेले, एकदम पुढं आले, वाऱ्यात गव्हाचं शेत लवावं तसे. आणि त्यांच्यात नुमेरियसचाही हात मागं गेला. पुढं आला. आणि उघडला.

त्याला फेकायचं नव्हतं हो. पण हाताला मेव्हण्याचं बोलणं ठाऊक नव्हतं. हाताला आरोळी ठाऊक होती. ज्या हाताला काठीच्या धाकानं शिकवलं, तो हात नेमका त्या दिवशी शहाण्यासारखा वागला. उजवा हात. पहिल्यांदाच न चुकलेला.

आकाश काळं झालं. मग टणत्कार, लाकूड फुटण्याचा, कातडं फाटण्याचा, माणसं फाटण्याची किंकाळी. भाले ढालींत घुसले आणि मोडले. कच्च्या खुंट्या तटातट तुटल्या, दांडे लोंबकळले, ढाली झुकल्या. शंभर भाले मोडले. शहाणे भाले. आज्ञाधारक भाले.

एक मोडला नाही.

एका उंच पोरसवदा माणसाच्या ढालीत तो ताठ उभा होता, देवळापुढल्या दीपमाळेगत सरळ. त्यानं ढालीवर पाय देऊन तो उपसला. हातात घेऊन क्षणभर बघितला. चांगला होता. चांगल्या वस्तूकडं माणूस जसा बघतो, तसाच बघितला. आणि फेकला.

त्याच क्षणी पाकियसनं उजवीकडं मान वळवली होती. दाजींचा उजवा हात त्याला रिकामा दिसला.

"दाजी, भाला?"

दोन शब्द. दोन शब्दांपुरती मान वळली, मानेबरोबर खांदा वळला, खांद्याबरोबर ढाल खाली आली. वीतभर. एवढ्या वीतभर जागेतनं माणसाचा अख्खा जन्म निघून जातो.

नुमेरियसनं भाला येताना बघितला. कुणाकडं येतोय तेही बघितलं. त्यानं विचार केला नाही, विचाराला वेळ नव्हता. त्याचा डावा हात, तो बदनाम, मार खाल्लेला, दुर्दम्य डावा हात ढालीसकट आडवा गेला, आणि मेव्हण्यासमोर भिंत उभी राहिली. पण आडवं जायचं म्हणजे अंग पुढं टाकावं लागतं. त्यानं ते टाकलं.

भाला ढालीच्या फळीतनं गेला. फळीमागच्या कातड्यातनं गेला. चिलखताची कडी उसवून आत गेला.

खुंटी मोडली नाही.

शिट्टी वाजली. रोमच्या रांगेत ठरलेलं असतं, नायकाची शिट्टी झाली की पुढला माणूस मागं सरतो, मागला पुढं येतो, ताज्या दमाचा. दळण घालताना एक हात थकला की दुसरा खुंटा धरतो ना, तसं. ताजी माणसं दोघांच्या बाजूनं पुढं गेली, एकानंही खाली बघितलं नाही. खाली बघायचं नाही असंही शिकवलेलं असतं. पाकियसनं दाजींच्या काखेत हात घातले आणि मागं ओढत नेलं, रांगांच्या मागं, जिथं धूळ थोडी बसली होती, एका पॉपलरखाली.

नुमेरियसनं डोळे उघडले. छातीतल्या लोखंडावरनं त्याची नजर हळूहळू मागं गेली, सांध्यापर्यंत. तिथं ती काळपट, मधाळ लाकडाची करंगळी तशीच होती. घट्ट. चमकत.

"मेव्हणे," तो म्हणाला, "काम पक्कं केलंत."

पाकियसनं दोन्ही तळवे जखमेवर दाबून धरले.

"सांध्यात जरासुद्धा हललं नाही हो." दम लागत होता त्याला. "चूक माझीच. तुम्ही सांगितलं होतं, फेकू नका. हात ऐकेना."

"बोलू नका दाजी."

"विबिया म्हणेल..." तो हसला. फटीतनं शीळ आली नाही, लाल बुडबुडा आला. "म्हणेल, डावराच तो. एक काम सरळ करील तर शपथ."

वर पानं थरथरत होती. चंदेरी, हिरवी, चंदेरी, हिरवी. नुमेरियस त्यांच्याकडं बघत होता. मग पानं थरथरत राहिली आणि बघणारं कुणी राहिलं नाही.

*

फौज जिंकली. तसं सांगतात. मैदानभर गाड्या उलथल्या होत्या, आणि कुठं कुठं गाडीच्या सावलीत एखादं मूल अजून खेळत होतं.

संध्याकाळी नायक मोडके भाले गोळा करवत फिरला. पॉपलरखाली तो थांबला. त्याला मोडलेले भाले मोजायची सवय. न मोडलेला लगेच डोळ्यात भरला. वाकून त्यानं सांधा बघितला. बोटानं खुंटी चाचपली. मग प्रेताशेजारी बसलेल्या माणसाकडं बघितलं.

"कुणी केली?"

"मी," पाकियस उठून म्हणाला. ताठ उभा राहिला. त्यानं मनगट पुढं केलं, मग पाठ फिरवली. मारा, जेवढं मारायचं तेवढं मारा. हुकूम मोडलाय मी. हाडं मोडा माझी. काहीतरी मोडा.

नायकानं काठी उचलली. मानेवरचा व्रण लाल झाला होता त्याचा. काठी तशीच वर राहिली थोडा वेळ, आणि खाली आली. पाकियसला स्पर्शही न करता.

"उद्या शंभर खुंट्या लागतील," तो घोगरा आवाज म्हणाला. "पॉपलरच्या."

आणि निघून गेला.

मार पडला असता तर बरं झालं असतं. मार माणसाला मोकळा करतो. पाकियसला कुणी मोकळा केला नाही. राहुटीतल्यांनी लाकडं रचली, दाजींना वर ठेवलं, पाकियसनं तोंड फिरवून अग्नी दिला. धूर सरळ वर गेला, निळा, निर्वात, एखाद्या न बोललेल्या वाक्यासारखा. सगळ्यांना ठाऊक होतं भाला कुणाचा. कुणीतरी त्याच्या वाटणीचा गहू दळून दिला.

सकाळी त्यानं शंभर खुंट्या केल्या. एकेक मऊ, एकेक ठिसूळ, चिमटीत धरली तर मोडावी अशी. त्याच्या घराण्यात तसं काम कुणी केलं नव्हतं. त्यानं ते नीट केलं. फार नीट केलं.

हेरियसच्या उजव्या हाताची बोटं त्या लढाईत गेली होती. तलवार धरता येत नाही त्याला फौज धरत नाही. त्याला घरी जायला सांगितलं. त्याची वाट पाकियसच्या गावावरनंच जाणार होती. हाताला फडक्याचा गोळा, खांद्यावर हलकं गाठोडं, असा तो निरोप घ्यायला आला.

"काही सांगायचंय तिकडं?"

पाकियसनं हातातली अर्धी तासलेली खुंटी खाली ठेवली.

"तिला सांग, भाला माझा होता."

"नाही सांगणार."

"हेरियस..."

"नाही म्हणजे नाही सांगणार लेका." हेरियसच्या जिभेची धार त्या दिवशी कुठं गेली होती कोण जाणे. "नवऱ्यासाठी रडायचं का भावावर जळायचं? दोन्ही एकदम कसं करील ती? आधी तिला एक तरी नीट करू दे. दुसरं तू आलास की दे."

"मला सुटायला लई वर्षं आहेत अजून."

"असू देत."

लांब कुणीतरी खेचराला शिव्या देत होतं.

"मग काय सांगू?" हेरियसनं विचारलं.

पाकियसनं हात पुढं केले, सुताराचे हात, रिकामे. जणू बोलायचं ते त्या हातांत असेल. शेवटी म्हणाला,

"सांग, मी जिवंत आहे. का जिवंत आहे, तेही सांग. त्यांनी डावा हात आडवा घातला, ते सांग. तेवढं सांग."

हेरियसनं मान हलवली. बोटं नसलेला हात त्याच्या खांद्यावर टेकवला. आणि निघाला.

फौज उत्तरेकडं वळली, हेरियस दक्षिणेकडं. वाट पांढरी होती, डोंगरांतनं वळत जाणारी. वाटेत सावल्या लांब झाल्या, रानं लाल झाली, हवेत गोड आंबूस वास आला. तिकडं डोंगरात द्राक्षांची सुगी लागली होती. दगडी टाक्यांत द्राक्षं ओतली होती, आणि वस्त्रं गुडघ्यापर्यंत खोचून बाया ती तुडवत होत्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, गोल गोल, गात गात.

विबिया त्यांच्यात होती. तिचे पाय घोट्यापर्यंत लालभडक झाले होते. ती हसत होती, वर बघत होती, सगळ्यांहून मोठ्यानं गात होती. आणि खाली, डोंगराच्या पायथ्याशी, पांढऱ्या वाटेवर, एक माणूस हळूहळू चढत होता. आणि प्रत्येक वळणावर थांबत होता, गाणं संपायची वाट बघत. आणि गाणं काही संपत नव्हतं, संपत नव्हतं.